धडक देणाऱ्या गाडीचा विमा नसेल तर भरपाई कशी मिळवावी

अपघातानंतर समोरच्या चालकाकडे विम्याचा कागद मागितला आणि त्याने "कागद घरी आहे, तुम्ही खर्च सांगा, इथेच मिटवून टाकू" असे उत्तर दिले, तर त्या गाडीचा विमा संपलेला असावा असे धरूनच पुढचे पाऊल टाकावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विम्याशिवाय, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना झालेल्या हानीची भरपाई देणाऱ्या विम्याशिवाय, कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि तरीही विमा नसलेल्या गाड्या रस्त्यावर सर्रास दिसतात. सप्टेंबर २०१८ पासून नवीन मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकीसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा खरेदीच्या वेळी एकदमच घ्यावा लागतो. ती मुदत संपल्यावर अनेक मालक, विशेषतः जुन्या दुचाकींचे मालक, नूतनीकरणाकडे वळतच नाहीत.

विमा नसला म्हणजे भरपाई बुडाली, हा समज चुकीचा आहे, आणि या समजापायी अनेक कुटुंबे दावाच दाखल करीत नाहीत, याचे फार वाईट वाटते. भरपाईचा हक्क जसाच्या तसा राहतो; फक्त पैसे कोणाकडून यायचे हे बदलते. विमा कंपनीच्या जागी आता गाडीचा मालक व चालक, धडक देणारी ती गाडी, आपली स्वतःची पॉलिसी आणि उपचारांपुरती सरकारची योजना, असे चार आधार उरतात. यांपैकी गाडीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि हातातून सर्वांत लवकर निसटते तीही गाडीच, म्हणून या लेखात तिच्याविषयी अधिक विस्ताराने लिहिले आहे.

घटनास्थळी

कोणी जखमी असल्यास ११२ किंवा १०८ या क्रमांकावर फोन करणे हे पहिले काम आहे; राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही चालतो. जखमीला उचलून रुग्णालयात नेणाऱ्या त्रयस्थाला कलम १३४अ नुसार संरक्षण आहे, त्यामुळे मदतीला आलेल्या माणसाला कोणी अडवत असेल तर ही गोष्ट त्याला ठामपणे सांगावी. गाड्या बाजूला घेण्याआधी छायाचित्रे काढावीत. ती काढताना फुटलेल्या बंपरची दहा छायाचित्रे घेण्यापेक्षा दोन्ही गाड्या, रस्त्याची रुंदी, दुभाजक, घसरल्याच्या खुणा आणि एखादी ओळखता येण्याजोगी पाटी किंवा खांब एकाच चौकटीत येतील, अशी लांबून घेतलेली तीन-चार छायाचित्रे अधिक उपयोगी पडतात, कारण चूक कोणाची हा वाद गाड्यांच्या जागेवरून सुटतो.

समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटचे, चालकाच्या लायसन्सचे आणि आरसीचे छायाचित्र घ्यावे. चालक कागद दाखवण्यास नकार देत असेल तर हिसकावून घेऊ नयेत, गाडीची किल्ली काढून घेऊ नये आणि जमावाच्या जोरावर त्याला अडकवून ठेवू नये. त्यातून आपल्यावरच तक्रार होते आणि मूळ प्रकरण बाजूला पडते. नंबर हाती असल्यास मालकापर्यंत पोहोचता येते. अपघाताची आणि गाडीची माहिती मागण्याचा पीडिताचा हक्क कलम १६० मध्ये दिलेला असून, ठरलेले शुल्क भरल्यावर आरटीओला किंवा पोलिसांना ती द्यावी लागते.

साक्षीदारांची नावे व फोन नंबर लगेच लिहून घ्यावेत. आसपासच्या दुकानांचे व सोसायट्यांचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांतच पुसले जाऊन त्यावर नवे चढते, म्हणून ते जतन करण्याची लेखी विनंती त्याच दिवशी पोलिसांकडे द्यावी आणि दुकानदारालाही कळवावे. मोबाइलमधील छायाचित्रे व डॅशकॅमचे चित्रण मूळ स्वरूपात, म्हणजे न कापता, ठेवावे. न्यायालयात ते पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फाइल नसल्यास तिथे अडचण येते.

विमा खरोखरच नाही ना, हे तपासणे

एम-परिवहन ॲपमध्ये किंवा परिवहन सेवा संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की विम्याची वैधता दिसते. तिथे विमा संपलेला दिसला तरी तेवढ्यावर विसंबून राहू नये, कारण नूतनीकरणाची नोंद कधी उशिरा चढते. विमा माहिती ब्यूरोची, म्हणजे आयआयबीची, वी-सेवा ही सुविधा अपघातग्रस्तांना गाडीच्या नंबरवरून पॉलिसी शोधण्यासाठी उपलब्ध आहे. ती अवश्य वापरावी.

याच्या उलट, चालकाने फोनवर दाखवलेली पॉलिसीही बारकाईने वाचावी लागते. विमापत्रावर मुदत कोणत्या तारखेपासून सुरू होते हे लिहिलेले असते, तशीच वेळही असते. जुन्या पॉलिसीचे मुदतीतच नूतनीकरण झालेले असेल तर ती वेळ बहुधा मध्यरात्रीची असते. अपघात दुपारी अडीचला झाला आणि त्याच तारखेच्या विमापत्रावर सुरुवातीची वेळ चार वाजून दहा मिनिटे अशी असेल, तर ती पॉलिसी अपघातानंतर काढलेली आहे आणि या अपघाताला तिचा उपयोग नाही. गाडीचा नंबर, इंजिन क्रमांक व चॅसिस क्रमांक आरसीशी जुळतात का, हेही पाहावे, आणि पॉलिसी क्रमांकाची खातरजमा थेट कंपनीकडून करून घ्यावी. खोट्या पॉलिसीची प्रकरणे न्यायालयांत वारंवार येतात.

येथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. विमा आहे, पण चालकाकडे वैध लायसन्स नाही, अशा प्रकरणाला विमा नसलेले प्रकरण समजू नये. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला असला तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारे न्यायालय, अनेकदा कंपनीला आधी पीडिताला रक्कम देण्यास आणि मग ती मालकाकडून वसूल करण्यास सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालापासून ही वाट रुळलेली आहे. म्हणून "लायसन्स नव्हते, त्यामुळे कंपनी देणार नाही" असे कोणी सांगितले तरी कंपनीला दाव्यातून वगळू नये. सरकारी वाहनांचे आणि काही परिवहन महामंडळांच्या बसचेही असेच आहे. त्यांना कलम १४६ खाली विम्यातून सूट मिळालेली असू शकते, परंतु अशा वेळी भरपाई ते सरकार किंवा महामंडळ स्वतः देते.

पोलीस ठाण्यात

इजा किंवा मृत्यू झाला असेल तर एफआयआर झालाच पाहिजे. बेदरकारपणे वाहन चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, इजा झाल्यास कलम १२५ आणि मृत्यू झाल्यास कलम १०६ लागते. विमा नसल्याबद्दल मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९६ लावण्याचा आग्रह आपण स्वतः धरावा आणि "सदर वाहनाचा विमा अपघाताच्या वेळी अस्तित्वात नव्हता" हे वाक्य फिर्यादीत येईल असे पाहावे. या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा चार हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तो दंड सरकारजमा होतो, पीडिताला त्यातले काही मिळत नाही. मात्र विमा नसल्याची अधिकृत नोंद गाडी अडकवून ठेवण्यासाठी पुढे कामी येते.

ठाणे अंमलदाराने एफआयआर घेण्यास नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. केवळ गाडीचे नुकसान झाले असेल तर बहुतेक ठिकाणी स्टेशन डायरीत नोंद करून पाठवतात. तेव्हा निदान त्या नोंदीचा क्रमांक, तारीख आणि प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.

घटनास्थळ पंचनामा होताना आपल्या बाजूचे कोणी हजर असणे फार महत्त्वाचे आहे. गाडी कोणत्या बाजूला होती, रस्ता किती रुंद होता, काचा कुठे पडल्या होत्या, हे सर्व त्या दोन-तीन पानांत उतरते आणि वर्षभराने न्यायाधिकरणात साक्षीदाराच्या आठवणीपेक्षा त्यालाच अधिक वजन मिळते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ एप्रिल २०२२ पासून आलेल्या पद्धतीनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांच्या आत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांच्या आत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. या अहवालांसाठी चालकाने व मालकाने विहित नमुन्यात माहिती देणे बंधनकारक आहे. पीडितानेही आपले वय, उत्पन्न, अवलंबून असलेल्या व्यक्ती आणि उपचारांचा खर्च असलेला नमुना भरून द्यायचा असतो. पहिल्या अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि त्यात विम्याच्या रकान्यापुढे काय लिहिले आहे, ते स्वतः वाचावे.

गाडी सुटू देऊ नये

विमा असलेल्या गाडीच्या बाबतीत गाडी पोलिसांकडून केव्हा सुटली याने पीडिताला काही फरक पडत नाही, कारण पैसे कंपनीकडून येणार असतात. विमा नसलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र ठाण्याच्या आवारात उभी असलेली ती गाडी हेच अनेकदा भरपाईचे एकमेव हाती लागण्याजोगे तारण असते. मालक नेहमीच्या रीतीने न्यायालयात अर्ज करतो, सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, मुद्देमाल म्हणून जप्त झालेली गाडी परत घेतो, काही दिवसांत ती विकतो, आणि दोन-तीन वर्षांनी निकाल लागतो तेव्हा वसूल करण्यासारखे काही उरलेले नसते.

हे थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट आदेश दिलेला आहे. अपघातात सापडलेल्या गाडीला तृतीय पक्ष विमा नसेल, तर मालकाने भरपाईसाठी न्यायालयाचे समाधान होईल असे पुरेसे तारण दिल्याशिवाय ती सोडू नये. तीन महिन्यांत तारण न आल्यास दंडाधिकाऱ्यांनी तिचा जाहीर लिलाव करावा आणि ती रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जमा करावी, अशी दिल्लीच्या नियमांतील तरतूद सर्व राज्यांनी बारा आठवड्यांत आपल्या नियमांत आणावी, असे त्या आदेशात म्हटले आहे.

आदेश असला तरी तो आपोआप अमलात येईल असे गृहीत धरू नये, कारण गाडी सोडण्याच्या अर्जावर सुनावणी होते तेव्हा पीडित बहुधा रुग्णालयात असतो आणि त्याच्या वतीने तिथे कोणीच उभे नसते. म्हणून अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यातच तीन कामे करावीत. पहिले म्हणजे तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. गाडीला विमा नाही, ती जप्त ठेवावी आणि सोडण्याच्या अर्जाला पोलिसांनी हरकत घ्यावी, अशी विनंती त्यात असावी. दुसरे म्हणजे त्या पोलीस ठाण्याचे प्रकरण ज्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालते, तिथे वकिलामार्फत हरकतीचा अर्ज दाखल करावा, आणि त्यासोबत एफआयआरची प्रत, विमा संपल्याचे परिवहन सेवेवरील पान व उपचारांची कागदपत्रे जोडावीत. तिसरे म्हणजे आपल्याला न ऐकता गाडी सोडली जाऊ नये, अशी मागणी त्याच अर्जात करावी.

मालक तारण देण्यास तयार झाला तर ते कशा स्वरूपाचे आहे, हे पाहावे. कोऱ्या हमीपत्रापेक्षा बँक हमी किंवा मुदत ठेव कितीतरी चांगली. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर लिलावाच्या रकमेवर वित्तसंस्थाही हक्क सांगते, त्यामुळे आरसीवरील कर्जाची नोंद आधीच तपासावी आणि अशा प्रकरणात केवळ गाडीवर विसंबून राहू नये. पंधरा वर्षे जुन्या दुचाकीच्या लिलावातून फारसे हाती येणार नाही, हेही खरे आहे. तरीही गाडी अडकून पडल्यामुळे मालक बोलणी करायला पुढे येतो, हा परिणाम लिलावाच्या रकमेइतकाच मोलाचा ठरतो.

उपचारांचा खर्च

रस्ते अपघातग्रस्तांसाठीची रोकडरहित उपचार योजना, २०२५ मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली. तिच्यानुसार मान्यताप्राप्त रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमी व्यक्तीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख रक्कम न भरता मिळतो. धडक देणाऱ्या गाडीचा विमा असलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही. रुग्णालयाच्या काउंटरवर "अपघाताची योजना लागू करा" असे स्पष्टपणे सांगावे. नोंद एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून झाली आहे आणि तिच्यात "वाहन अपघात" असे शब्द आले आहेत, याचीही खात्री करावी. घाईत नातेवाईक "पडून लागले" असे सांगतात आणि ते दोन शब्द पुढे दावा कमकुवत करतात.

धडक देऊन पळालेल्या आणि ओळख न पटलेल्या गाडीसाठी २०२२ ची वेगळी योजना आहे. तिच्यात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात व अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या स्तरावर होतो. गाडीचा आणि मालकाचा पत्ता लागलेला असेल, तर केवळ विमा नाही या कारणासाठी ही रक्कम मिळत नाही.

आपल्या स्वतःच्या पॉलिसीतून काय मिळते

आपल्याकडे सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर गाडीच्या दुरुस्तीसाठी समोरच्याच्या मागे धावण्यात वेळ घालवू नये. चूक कोणाची हे न पाहता स्वतःच्या नुकसानीचा दावा त्याच पॉलिसीवर करता येतो. कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहणी करण्याआधी गॅरेजला एकही भाग काढू देऊ नये. या दाव्यात सगळी रक्कम मिळत नाही: प्लास्टिक व रबराच्या भागांवर सर्वसाधारणपणे ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो, छोट्या मोटारींसाठी एक हजार आणि १५०० सीसीवरील मोटारींसाठी दोन हजार रुपये आपल्याला सोसावे लागतात, आणि पुढच्या नूतनीकरणात नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. पाच वर्षे सांभाळलेला ५० टक्के बोनस आठ-दहा हजारांच्या दुरुस्तीसाठी घालवावा का, याचा हिशेब कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा.

कंपनीने दिलेली रक्कम समोरच्याकडून पुन्हा मागता येत नाही, पण कापलेला घसारा, आपण भरलेला वाटा आणि गाडी गॅरेजमध्ये असतानाचा प्रवासखर्च मागता येतो. त्यासाठी गॅरेजचे मूळ बिल, सर्वेक्षकाचा अहवाल आणि कंपनीने किती रक्कम मान्य केली याचे पत्र, हे तिन्ही कागद जपून ठेवावेत. केवळ तृतीय पक्ष विमा असणाऱ्यांना या मार्गाने काहीच मिळत नाही. त्यांनी आपल्या नुकसानीचा संपूर्ण दावा मालकावरच करावा.

पॉलिसीतील वैयक्तिक अपघात विमा बहुतेकांच्या लक्षातही नसतो. मालक स्वतः गाडी चालवत असताना मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पंधरा लाख रुपयांचे संरक्षण त्यात असते, आणि समोरच्याचा विमा असण्या-नसण्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. नोकरीतील समूह विमा, बँकेच्या डेबिट कार्डावरील अपघात विमा आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे दोन लाख रुपये, हेही सर्व तपासून पाहावे.

दोन गाड्यांच्या धडकेत प्रवासी जखमी झाला असेल तर आणखी एक मार्ग खुला होतो, आणि तो पुष्कळदा सांगितलाच जात नाही. दोन्ही चालकांची थोडीथोडी चूक असेल, तर प्रवाशाला संपूर्ण भरपाई त्या दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे विमा नसलेल्या ट्रकने आपण बसलो होतो त्या रिक्षाला धडक दिली आणि रिक्षाचालकाचीही काही चूक सिद्ध झाली, तर रिक्षाच्या विमा कंपनीकडून पूर्ण रक्कम मिळू शकते. म्हणून प्रवाशाने दाव्यात दोन्ही गाड्यांचे मालक आणि असलेल्या विमा कंपन्या यांना सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे असे पक्ष, करावे.

जागेवर मिटवायचे असल्यास

केवळ पत्रा चेपला असेल, कोणालाही खरचटलेसुद्धा नसेल आणि समोरचा माणूस पैसे देण्यास तयार असेल, तर तडजोड करण्यात गैर काही नाही; छोट्या नुकसानीसाठी न्यायालयाची पायरी चढणे कोणालाच परवडत नाही. रक्कम त्याच क्षणी यूपीआयने घ्यावी, म्हणजे नोंद राहते. एका कागदावर तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर, मिळालेली रक्कम आणि "ही रक्कम केवळ गाडीच्या नुकसानीपोटी आहे" हे वाक्य लिहून दोघांनी सह्या कराव्यात. "माझी कोणतीही तक्रार नाही आणि पुढेही राहणार नाही" असे लिहून देऊ नये. मानेचे दुखणे किंवा डोक्याला लागलेला मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवतो, आणि तेव्हा हीच ओळ आपल्याविरुद्ध वाचली जाते. स्वतःच्या पॉलिसीवर दावा करायचा असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय कोणतीही तडजोड करू नये, कारण दोषी व्यक्तीकडून वसूल करण्याचा कंपनीचा हक्क तिच्यामुळे बुडू शकतो आणि मग ती आपलाच दावा नाकारते.

इजा झालेली असल्यास जागेवर मिटवण्याचा विचारच करू नये. चालकाने कलम १३४ नुसार २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

न्यायाधिकरणापुढे दावा

जिल्हा न्यायालयाच्या आवारात चालणारे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण इजा, मृत्यू आणि मालमत्तेचे नुकसान या तिन्हींसाठी दावे ऐकते. अर्ज कलम १६६ खाली, अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा सामनेवाला जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही करता येतो. कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. पोलिसांचा अहवालही न्यायाधिकरणाने अर्ज म्हणून धरावा अशी तरतूद आहे, तरी त्यावर न विसंबता मुदतीत स्वतःचा अर्ज दाखल करणेच सुरक्षित. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

सामनेवाले ठरवताना चालकाबरोबर आरसीवरील मालकाचे नाव आलेच पाहिजे. "मी गाडी केव्हाच विकली, फक्त नावावर राहिली आहे" हा बचाव वारंवार ऐकू येतो; तथापि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईसाठी जबाबदार राहतो. ज्याच्या ताब्यात गाडी होती त्यालाही सामनेवाला करावे, कारण विमा नसलेल्या प्रकरणात वसुली करण्याजोगा माणूस कोण निघेल हे आधी सांगता येत नाही. चालक कोणाच्या नोकरीत असेल आणि कामावर असताना अपघात झाला असेल, तर त्या मालकाचे नावही घालावे.

चूक सिद्ध करणे अवघड असेल तर कलम १६४ चा मार्ग आहे. त्यात चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मालकाकडून मिळतात. मात्र या कलमाखाली रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा दावा संपतो, म्हणून उत्पन्न चांगले आणि पुरावा मजबूत असल्यास हा मार्ग घाईने निवडू नये.

त्या दोहोंतले अंतर किती असू शकते, हे एका हिशेबावरून दिसेल. समजा ३४ वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय करणारा, महिना वीस हजार कमावणारा माणूस गेला आणि मागे पत्नी व दोन मुले आहेत. भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के धरल्यावर महिन्याचे उत्पन्न २८,००० आणि वर्षाचे ३,३६,००० होते. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी एक तृतीयांश वजा केल्यावर २,२४,००० उरतात, आणि ३१ ते ३५ या वयोगटासाठीच्या १६ या गुणकाने गुणल्यावर ३५,८४,००० रुपये होतात. अंत्यसंस्कार, सहवासाची हानी आणि इतर ठरावीक रकमा यावर वेगळ्या मिळतात. या गणितात उत्पन्नाचा आकडाच निर्णायक असल्याने आयकर विवरणपत्र, बँकेचे उतारे, दुकानाचा परवाना, जीएसटीची नोंद, जे काही असेल ते सर्व जोडावे.

निकाल होईपर्यंत मालक आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करील अशी शंका असल्यास, तसे करण्यास मनाई मागणारा अर्ज वकिलामार्फत सुरुवातीलाच द्यावा. मालकाच्या नावावर काय आहे, याचा शोध त्याआधी घ्यावा लागतो. शेतजमीन असेल तर सातबारा उतारा महाभूलेखवर पाहता येतो, शहरात मिळकतपत्रिका मिळते आणि नावावरील इतर गाड्यांचा तपास आरटीओकडे करता येतो. हे उतारे अपघाताच्या महिन्यातच काढून ठेवावेत, म्हणजे नंतर झालेले घाईचे बक्षीसपत्र न्यायालयाला तारखेसह दाखवता येते.

निकालानंतर वसुली

निकाल जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत रक्कम जमा करणे सामनेवाल्यावर बंधनकारक असते. अपील करायचे असल्यास त्याला ९० दिवस मिळतात, पण अपिलासोबत २५,००० रुपये किंवा निकालाच्या रकमेच्या निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरावी लागते. रक्कम न आल्यास कलम १७४ खाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचे प्रमाणपत्र देते आणि जमीन महसुलाची थकबाकी वसूल करावी त्याप्रमाणे ती रक्कम वसूल होते. प्रमाणपत्र तहसील कार्यालयात पोहोचल्यावर ते फायलीत पडून राहू नये, यासाठी आधी काढलेले सातबारा उतारे, मिळकतपत्रिका आणि गाड्यांचे नंबर त्या अर्जाला जोडून द्यावेत व दर महिन्याला लेखी विचारणा करावी. वसुली कर्मचाऱ्याच्या हाती मालमत्तेची यादी असली तरच तो जप्तीला निघू शकतो.

मालक गरीब असेल आणि एकरकमी पैसे उभे करणे त्याला खरोखर शक्य नसेल, तर राष्ट्रीय लोक अदालतीत हप्त्यांवर तडजोड करता येते. लोक अदालतीच्या निवाड्याविरुद्ध अपील नसते आणि त्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते, त्यामुळे साध्या स्टॅम्पपेपरवरील करारापेक्षा तो कितीतरी भक्कम असतो. पहिला हप्ता मोठा आणि त्याच दिवशी घ्यावा, प्रत्येक हप्त्याची तारीख लिहून घ्यावी, दोन हप्ते चुकल्यास संपूर्ण उरलेली रक्कम व्याजासह एकदम देय होईल अशी अट घालावी, आणि शेवटचा हप्ता खात्यात येईपर्यंत जप्त गाडी सोडण्यास किंवा मालमत्तेवरील मनाई उठवण्यास संमती देऊ नये.